डाग कागदावरचा, खूण माणसाची



गेल्या महिन्यात वांगणीला एका परिचित कुटुंबाकडे आमचे जाणे झाले. घरातल्या आजोबांचा पंचविसावा स्मृतिदिन जवळ आला होता. पुण्यानुमोदनाला भन्ते येणार, जुन्नरकडचे नातेवाईक येणार, आणि तथागत व बाबासाहेब यांच्या प्रतिमांच्या खालच्या बाजूस आजोबांचा फोटो मांडायचा, अशी आजींची इच्छा होती. आजोबा रेल्वेत गँगमन होते. त्यांचा धड असा फोटो घरात एकच, १९६८ च्या सुमारास कल्याणच्या एका स्टुडिओत काढलेला. काळापांढरा, पोस्टकार्डाएवढा, काचेच्या चौकटीतला.

त्या फोटोची दशा मात्र पाहवत नव्हती. २०१९ च्या जुलैतला पूर वाचकांच्या स्मरणात असेल. २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व गावकऱ्यांनी मिळून बाहेर काढले. ती बातमी देशभर गेली. पण उल्हास नदीचे तेच पाणी किती घरांत शिरले आणि घरातले काय काय घेऊन गेले, त्याची बातमी कुठे छापून आली नाही. या घरात कंबरभर पाणी होते. भांडी धुऊन घेतली, गाद्या टाकून दिल्या. फोटो मात्र काचेला चिकटला तो चिकटलाच. कडेने तपकिरी ओघळ, वर बुरशीचे पांढरे ठिपके आणि खांद्यावरून आडवी गेलेली एक भेग.

नातू हुशार, कॉलेजात जाणारा. त्याने मोबाइलवर फुकट मिळणारे एक ॲप घेतले, त्यात फोटो टाकला आणि अर्ध्या मिनिटात आजोबा लख्ख करून आणले. मोठी प्रत छापून घरी आला. सगळ्यांनी वाहवा केली. आजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "फोटू लई झ्याक हाय रं. पन ह्यो कोन?"

घरात हशा पिकला. आजी हसल्या नाहीत. जुन्या चौकटीच्या काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यान्ला ल्हानपनी देवी आल्या व्हत्या. गालावर वन व्हते, हितं, हितं अन् हितं. त्ये कुटं गेलं?"

नातवाचा चेहरा उतरला. तो आम्हांला म्हणाला, "दादा, मला ते बुरशीचे ठिपकेच वाटले." त्याचे तरी काय चुकले? भारतात १९७५ नंतर देवीचा रुग्ण सापडलेला नाही आणि १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. आजच्या पोरांनी देवीचे वण असलेला चेहरा पाहिलेलाच नसतो. जे पोराला ठाऊक नाही, ते ॲपला तरी कोण सांगणार?

ही गोष्ट एका घराची नाही, म्हणून या खेपेस आमचे सदर याच विषयाला दिले आहे. फोटो सुधारण्याची फुकट साधने आज घराघरांत आली आहेत. ती वापरावीत की नाही? आमचे उत्तर : जरूर वापरावीत, पण आपण काय पुसतो आहोत हे ओळखून वापरावीत.

आपल्या समाजात फोटोचे मोल वेगळे आहे. ज्यांच्या घरी कागदपत्र नाही, सातबारा नाही, वंशावळ लिहून ठेवणारा भाट नाही, त्यांच्याकडे पूर्वजांची खूण म्हणून हा एखादा फोटोच असतो. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची हलती चित्रे आज आपल्याला पाहता येतात, ती ७ डिसेंबर १९५६ रोजी नामदेव व्हटकर यांनी पुढाकार घेऊन चित्रीकरण केले म्हणून. तशीच कोणीतरी पदरचे पैसे मोडून कल्याणच्या स्टुडिओची पायरी चढले, म्हणून नातवाला आजोबा दिसतात. असा फोटो वाचवणे हे काम आहे, हौस नाही.

आता साधनांविषयी. फोटो दुरुस्तीसाठी फोटोशॉप हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे, पण त्याचे भाडे दरमहा भरावे लागते. चोरीची प्रत वापरू नये. ते अदिन्नादान तर आहेच, शिवाय त्या प्रतीसोबत व्हायरस फुकट येतो. त्याऐवजी गिम्प नावाचे सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतले आणि १९९६ पासून ते लोकांना खुले झाले. ते फुकट आहे आणि आज जगभरातील स्वयंसेवक ते सांभाळतात.

प्लग-इन म्हणजे काय, असे आजींच्या सुनेने आम्हांला विचारले. आम्ही त्यांच्याच ओट्यावरच्या मिक्सरकडे बोट दाखवले. मोटर एकच, भांडी वेगवेगळी. चटणीचे भांडे निराळे, पिठाचे निराळे. भांड्याला स्वतःची मोटर नसते. मिक्सरवर बसवले की ते आपले काम करते. तसे गिम्प ही मोटर आणि प्लग-इन ही भांडी. आणि एका कंपनीचे भांडे दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही, तसेच इथेही आहे. फोटोशॉपचे प्लग-इन गिम्पला सरळ चालत नाही. मार्च २०२५ मध्ये गिम्पची ३.० आवृत्ती आली, त्याआधीच्या २.१० साठी लिहिलेली प्लग-इन तिच्यात जशीच्या तशी चालत नाहीत. म्हणून आपली आवृत्ती कोणती ते आधी पाहावे आणि त्या आवृत्तीचेच प्लग-इन घ्यावे. नाहीतर बसत का नाही म्हणून रात्र जाते.

आमच्या अनुभवाची दोन नावे सांगतो. पहिले रिसिंथेसायझर. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात पॉल हॅरिसन यांनी डॉक्टरेटसाठी केलेल्या कामातून ते आले. डागाभोवती माऊसने कुंपण घालायचे आणि हुकूम द्यायचा. आजूबाजूच्या कागदाचा पोत पाहून ते तेवढीच जागा भरून काढते. ठिगळ दिसत नाही. दुसरे जी-मिक. फ्रान्समधल्या काँ शहरातील ग्रेक या सरकारी मदतीच्या प्रयोगशाळेत ते २००८ पासून घडत आले आहे. त्याच्या पेटीत पाचशेहून अधिक फिल्टर आहेत. भेगा भरणारे, दाणे कमी करणारे, पुसट झालेले ठळक करणारे. त्याच पेटीत त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टरही आहे, त्याच्याविषयी पुढे बोलू.

इथे फुकट आणि मुक्त यांतला फरकही ध्यानात घ्यावा. निक कलेक्शन नावाचा प्लग-इनचा संच एकेकाळी पाचशे डॉलरच्या आसपास विकला जाई. गूगलने २०१२ मध्ये ती कंपनी घेतली, पुढे किंमत कमी केली आणि मार्च २०१६ मध्ये संच फुकट केला. जगभरच्या छायाचित्रकारांनी आनंदाने घेतला. पण २०१७ मध्ये तो डीएक्सओ या फ्रेंच कंपनीकडे गेला आणि २०१८ पासून नवी आवृत्ती पुन्हा विकत झाली. मालकाने दिलेले फुकट मालक परत घेऊ शकतो. गिम्प, जी-मिक आणि रिसिंथेसायझर यांचे तसे नाही. त्यांचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आहे. कोणीही पाहावा, सुधारावा, वाटावा. कोणी मनात आणले म्हणून तो आपल्याकडून काढून घेता येत नाही. दयेवर मिळालेली वस्तू आणि हक्काने मिळालेली वस्तू यांतला फरक आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

मोबाइलवरच्या फुकट ॲपबाबत तर जास्तच सावध राहावे. पुष्कळ ॲप तीन दिवस फुकट म्हणतात आणि चौथ्या दिवसापासून खात्यातून पैसे कापतात. शिवाय पुष्कळदा फोटो आपल्या मोबाइलवर दुरुस्त होत नाही. तो कुठल्यातरी दूरच्या संगणकावर जातो. आपल्या लेकीसुनांचे फोटो कुठे राहतात याचा पत्ता लागत नाही. गिम्प आणि त्याची प्लग-इन आपल्याच संगणकावर काम करतात, इंटरनेट बंद असले तरी. ती घ्यायची तर बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत. भलत्या ठिकाणी दिसणाऱ्या डाउनलोडच्या मोठ्या हिरव्या बटणाला हात लावू नये.

आता वांगणीच्या फोटोचे आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, म्हणजे कोणालाही आपल्या घरी करता येईल.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढला नाही. ओढला की चित्राचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काच वरून स्वच्छ पुसली आणि काचेसकट स्कॅन केला, ६०० डीपीआयवर. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीत करावा, याला कारण आहे. रंगीत चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांचे बनलेले असते. पुराच्या पाण्याचा पिवळट तपकिरी डाग निळ्या थरात गडद दिसतो, लाल थरात जवळजवळ दिसत नाही. गिम्पमध्ये डिकंपोज हा हुकूम दिला की तीन थर वेगळे होतात. आम्ही लाल थर तेवढा ठेवला, आणि कसल्याही प्लग-इनशिवाय अर्धे ओघळ गेले. नातू बघतच राहिला.

मूळ स्कॅन टिफ प्रकारात वेगळा जपून ठेवला आणि त्याला हात लावायचा नाही असे ठरवले. काम केले ते त्याच्या नकलेवर. मागच्या भिंतीवरची बुरशी, खांद्यावरची भेग, कडेचे ओघळ ही सगळी रिसिंथेसायझरला दिली. एका वेळी एकच लहान डाग. मोठे कुंपण घातले तर ते भलतेच काही आणून भरते. एकदा आजोबांच्या सदऱ्याला त्याने दोन बटणे जास्तीची लावली होती, ती परत काढावी लागली.

चेहऱ्याशी आलो तेव्हा मात्र प्लग-इन बंद केले आणि आजींना शेजारी खुर्ची दिली. पडद्यावर चेहरा मोठा केला आणि एकेका ठिपक्यावर बाण नेऊन विचारत गेलो. हा? "ह्यो बुरशीचा, पूस." हा? "ह्यो वन. राहू दे." भुवईवर एक बारीक रेघ होती. आम्हांला ती ओरखडा वाटली. आजी म्हणाल्या, "रुळावर काम करताना लागलं व्हतं. टाकं पडलं व्हतं तीन." रेघ राहिली. एक तास गेला. त्या तासात नातवाने आजोबांविषयी जेवढे ऐकले, तेवढे आजवर ऐकले नव्हते, असे त्यानेच सांगितले.

वाचकहो, आमच्या सांगण्याचा गाभा इथे आहे. डाग दोन प्रकारचे असतात. एक कागदावरचा, तो पाण्याने, बुरशीने, काळाने पडलेला. तो पुसावा. दुसरा डाग नव्हेच. ती माणसाची खूण असते. ती पुसली तर माणूसच पुसला जातो. हा फरक यंत्राला कळत नाही. चेहरे स्पष्ट करणारी जी साधने आज निघाली आहेत, त्यांतले जीएफपीगॅन हे २०२१ चे एक प्रसिद्ध साधन आहे. तेही फुकट आणि खुले आहे. ते फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकवलेले आहे. अंधुक चेहरा दिला की ते त्या शिकवणीवरून चेहरा कसा असावा याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज आपल्या माणसाच्या जागी बसवते. चित्र सुंदर होते. पण कल्याण-कर्जत मार्गावर उन्हात खडी ओढणाऱ्या गँगमनचा चेहरा त्याने कुठे पाहिलेला असणार?

रंगाचेही तसेच. जुने फोटो रंगीत करण्याची साधने आता फुकट मिळतात. राजगृहावर फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले बाबासाहेबांचे कुटुंबासह छायाचित्र सर्वांना परिचित आहे. ते काळेपांढरे आहे. माता रमाईंच्या लुगड्याचा रंग कोणता होता, हे ते चित्र सांगत नाही. यंत्राने दिलेला रंग हा अंदाज असतो. हौसेने रंग भरायला आमची ना नाही, पण खाली तसे लिहावे आणि मूळ काळीपांढरी प्रत जपावी. नाहीतर आणखी तीस वर्षांनी लेकरे अंदाजालाच इतिहास समजतील.

आणि तो त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर. बहुतेक ॲपमध्ये गुळगुळीत करणे आणि उजळ करणे जोडीने येते, आपण न मागताही. वांगणीच्या नातवाने आणलेल्या प्रतीत आजोबा दोन छटा गोरे झाले होते, हे आजींच्या बोलण्यानंतर सगळ्यांच्या लक्षात आले. आपले वधू-वर मेळाव्यांचे फोटो पाहा. मुलीच्या बायोडाट्यावरचा फोटो आईबापच उजळवून देतात. स्टुडिओवाल्याला सांगावेही लागत नाही. मग पाहायला आलेली मंडळी फोटोकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघतात आणि त्या पोरीच्या मनाला काय वाटते, ते कोणी विचारत नाही. ज्या समाजाने जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे नाकारले, त्याने कातडीवरून ती ठरवू नये. उजळ करण्याची ती पट्टी शून्यावर ठेवावी. फोटोला खोटे बोलायला लावणे हेही मुसावादातच मोडते, असे आम्हांला वाटते.

काही जण आजोबांना कोट-टाय चढवून घेतात. त्यामागची भावना आम्ही समजतो. बाबासाहेबांनी अंगात कोट घातला त्याला अर्थ होता, आणि आपल्या माणसालाही तो मान मिळावा असे लेकरांना वाटते. पण या आजोबांच्या अंगावर रेल्वेचा साधा सदरा आहे आणि त्या सदऱ्याच्या पगारावर तीन मुले शिकली. त्याला झाकायचे कारण काय?

अस्पष्ट चित्राला किंमत नसते, असेही कोणी समजू नये. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्टेशनावर एका अंध मातेचे लेकरू फलाटावरून रुळावर पडले. समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वर उचलले आणि स्वतः क्षणभरात वर चढले. बक्षिसाच्या रकमेतला निम्मा भागही त्यांनी त्या लेकरासाठी देऊ केला. हे सारे देशाने पाहिले ते स्टेशनवरच्या सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यातून. चित्र धूसर होते. कोणी ते साफ केले नव्हते, चेहरा उजळवला नव्हता. म्हणूनच लोकांनी त्यावर विश्वास ठेवला.

वांगणीत अंध बांधवांची मोठी वस्ती आहे. आजींच्या शेजारीही असे एक कुटुंब राहते आणि आजोबांशी त्यांचा घरोबा होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेजारचे काका आले आणि म्हणाले, "फोटो नवा केला म्हणे. कसा झालाय, सांगा तरी." तेव्हा नातवाने त्यांचा हात धरून फोटोतले सगळे शब्दांत सांगितले : सदरा, कपाळ, भुवईवरचे टाके, गालावरचे देवीचे वण. काका म्हणाले, "हो, हो, तेच ते."

त्यावरून आम्हांला एक गोष्ट सुचली, ती सर्व वाचकांना सांगतो. गिम्पमध्ये चित्राच्या माहितीत टिप्पणी लिहायला जागा असते. फोटो कोणाचा, केव्हाचा, कुठला, आणि आपण त्यात काय दुरुस्त केले ते तिथे लिहून ठेवावे. छापील प्रतीच्या मागेही मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. आजोबांच्या प्रतीमागे नातवाने नाव, गाव आणि साल लिहिले. मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली : "गालावरच्या खुणा देवीच्या आहेत. कोणी पुसू नयेत."

आपल्या घरातल्या कपाटात, ट्रंकेत, चौकटीत असा एखादा फोटो असेल. पावसाळ्याच्या आत तो स्कॅन करून घ्या. आणि पुसायला बसण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी खुर्ची द्या.

जयभीम!